मुठीतलं बटण

सोहारच्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर,
आतड्याचा वीतभर तुकडा काढून झाल्यावर
मारिसेलनं माझ्या मुठीत एक बटण दिलं.
दुखलं की दाबा, म्हणाली,
आठ मिनिटांत एकदाच चालतं,
त्याहून जास्त दाबलंत तर मशीन ऐकणार नाही.

मी दाबलंच नाही.

ओजसनं फोनवर सांगितलं होतं ना,
माझा भाचा, बायोटेक शिकतो:
आत्या, मॉर्फिननं रक्तातले पहारेकरी पेंगतात.
ऑपरेशनच्या गडबडीत एखादी पेशी निसटली असेल
तर तिला हुडकून मारणारे तेच.
त्याला म्हटलं, मग मी जागी राहते.
तो हसला.
मी हसत नव्हते.

तशी सोसायची सवय आहे.
दोन बाळंतपणं ओठ दाबून काढली,
उकळतं तेल मनगटावर सांडलं
तेव्हाही आधी गॅस बंद केला.
"मंदा फार सोशीक हो"
हे लग्नात मिळालेल्या भांड्यांसारखं,
नाव घालून दिलेलं.

शेजारच्या खाटेवर जुवैना.
ती बटण लिफ्टचं असावं तसं दाबते,
मशीन नाही म्हणालं तरी परत दाबते,
मग तिला खजूर खावासा वाटतो.
मला तिचा राग येतो,
आणि रागाची लाज.

खिडकीबाहेर बंदराचे दिवे,
खनिजाच्या जहाजांची रांग.
त्यांच्याही पलीकडे कुठेतरी
हे रात्रपाळीला,
समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्रकल्पावर.
तीन वाजता नाडी एकशे चोवीस.
श्वास अर्ध्यावर येतो, टाक्यांना अडखळतो, परत फिरतो.
खोकला आला तर काय, या भीतीनं
मी थुंकीसुद्धा जपून गिळते.

मारिसेल डॉक्टरीणबाईंना घेऊन आली.
इब्तिसाम, भूल देणाऱ्या.
खुर्ची ओढली, बटण पाहिलं, माझी मूठ पाहिली.
आणि चक्क मराठीत, पुण्यातल्या
कुठल्याशा घरमालकिणीच्या हेलात म्हणाल्या:
"किती दुखतंय? खरं सांगा, शाळेतले मार्क नव्हेत."

मी भाच्याचं सांगितलं.
त्या चिडल्या नाहीत.
"खोटं नाही. काचेच्या नळीत तसं दिसतं,
उंदरांतही दिसलंय.
पण उंदरांत असंही दिसलंय
की वेदना तशीच राहू दिली
तर तेच पहारेकरी दमतात,
आणि गाठी वाढतात."
मग माणसांत?
"माणसांत," त्या जरा थांबल्या,
"अजून नीट माहीत नाही कुणालाच.
मोठ्या चाचण्या झाल्या. उत्तर धूसर आहे.
तुम्ही रात्रभर सोसून
ते स्पष्ट होणार नाही."

पाठीतल्या बारीक नळीतून औषध वाढवलं,
सलाईनमधून साधं पॅरासिटामॉल,
मॉर्फिन थोडंच, पण हवं तेव्हा.
"उद्या तुम्हाला चालायचंय," म्हणाल्या,
"आणि खोल श्वास. तोही पहाराच."

मला यांचं बोलणं आठवलं.
समुद्र लाल होतो, शेवाळाची लाट येते,
तेव्हा हे पंप थांबवतात.
नवखे पोरगे ओरडतात, शहराला पाणी कसं मिळणार?
हे म्हणतात, पडदे फाटले तर महिनाभर मिळणार नाही.
टाकीत साठा आहे. बसा. चहा घ्या.
मी वर्षानुवर्षं हे ऐकत पोळ्या लाटल्या.

बटण दाबलं.
हलकीशी शीळ, हिरवा ठिपका.
काही वेळानं खोकले,
आणि जग फाटलं नाही.

आत कोण जागं होतं, कोण पेंगलं,
मला कळणार नाही.
गाठीचा रिपोर्ट रविवारी.
पलीकडून जुवैना झोपेतच म्हणाली, "खलास?"
खलास नाही गं.
बटण माझ्या तळहाताइतकं कोमट झालं होतं.
सात मिनिटं अजून.